पाच गळे आणि एक ‘मी’: मॅड्रिगल समजून घेताना

‘एकटा, विचारात गढलेला, मी ओसाड रानं मंद, जड पावलांनी मोजत चाललो आहे.’ पेत्रार्क या चौदाव्या शतकातल्या इटालियन कवीच्या एका सुनीताची ही सुरुवात. १५९९ साली लुका मारेन्झिओ या संगीतकाराचा मॅड्रिगलांचा नववा संग्रह छापून निघाला, त्यात या सुनीताची रचना आहे. ती गायला पाच माणसं लागतात. पाच जण, पाच वेगवेगळ्या सुरावटींत, आपण अगदी एकटे असल्याचं सांगतात.

आज हे ऐकताना विचित्र वाटतं. पण सोळाव्या शतकातल्या इटलीत कित्येक दशकं हे कोणालाही खटकलं नाही. पुढे खटकू लागलं, आणि ज्या पिढीला ते खटकलं त्याच पिढीच्या हातून हा प्रकार संपला. मॅड्रिगलचा इतिहास सांगताना संगीतकारांच्या नावांची आणि सनावळ्यांची माळ ओवायची पद्धत आहे. नावं आणि सनावळ्या इथेही येतील, पण प्रश्न एकच धरून जाऊ: पाच जण मिळून ‘मी’ कसं काय म्हणत होते?

आधी प्रकार समजून घेऊ. मॅड्रिगल म्हणजे इटालियन कवितेची चार किंवा पाच, कधी सहा आवाजांसाठी केलेली रचना. कविता बहुतेक प्रेमाची, त्यातही विरहाची. चर्चशी संबंध नाही. वाद्यांची गरज नाही. असलीच तर ती एखाद्या गळ्याच्या जोडीला किंवा जागी. आणि प्रत्येक आवाजाला सहसा एकच गायक.

इथे ‘आवाज’ म्हणजे काय ते जरा नीट पाहायला हवं. आपल्याकडे आरतीला पन्नास माणसं उभी राहिली तरी चाल एकच असते. कोणी वरच्या पट्टीत म्हणेल, कोणी खालच्या, पण वाट तीच. मॅड्रिगलमध्ये प्रत्येकाची वाट स्वतंत्र. एक जण ओळ सुरू करतो, दुसरा दोन मात्रांनी तीच ओळ वेगळ्या सुरावर उचलतो, तिसरा मध्येच शिरतो, चौथा लांब सूर धरून थांबतो. तरी कुठल्याही क्षणी जे सूर एकत्र वाजताहेत ते एकमेकांशी जुळले पाहिजेत, किंवा बिनसले तर मुद्दाम बिनसले पाहिजेत. याला पॉलिफनी म्हणतात. गोव्यात चर्चच्या कॉयरमध्ये गायलेल्या किंवा घरच्या कार्यात दोन आवाजांतला मांडो ऐकत वाढलेल्या माणसाला सूर एकमेकांवर रचणं नवं नाही. बाकीच्यांनी पहिल्यांदा ऐकताना फक्त सर्वांत वरचा आवाज धरावा, दुसऱ्यांदा सर्वांत खालचा. मधले मग हळूहळू कानात येतात.

दुसरी गोष्ट, मॅड्रिगलला मुखडा-अंतरा नाही. भावगीतात पहिल्या कडव्याची चाल तिसऱ्यालाही चालते, मग तिसऱ्यात कवी हसत असो की रडत असो. मॅड्रिगलमध्ये प्रत्येक ओळीला, कधी प्रत्येक शब्दाला, नवं संगीत मिळतं. शब्दप्रधान गायकी हा आपल्याकडे रूढ असलेला शब्दप्रयोग. ती कल्पना कोणी शेवटच्या टोकापर्यंत ताणली असेल तर ती या मंडळींनी.

चौदाव्या शतकातही इटलीत मॅड्रिगल नावाचा एक प्रकार होता. नावापलीकडे त्याचा याच्याशी संबंध नाही, म्हणून तो सोडून देतो.

सोळावं शतक उजाडलं तेव्हा उत्तर इटलीच्या दरबारांत फ्रोत्तोला नावाची हलकीफुलकी गाणी चलतीत होती. मान्तुआच्या दरबारात इझाबेला देस्तेच्या आश्रयाने मार्केत्तो कारा आणि बार्तोलोमेओ त्रोम्बोंचीनो ती रचत. चाल वरच्या आवाजाला, बाकीचे साथीला, आणि सगळ्या कडव्यांना तीच चाल. व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने १५०१ साली पॉलिफनीचं पहिलं पुस्तक छापलं आणि १५०४ ते १५१४ या काळात फ्रोत्तोलांचे अकरा खंड काढले. खपत होतं ते हे.

मग कवितेची अभिरुची बदलली आणि संगीताला तिच्यामागे जावं लागलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: मॅड्रिगलचा जन्म आधी कवितेच्या वादात झाला. पिएत्रो बेम्बो या विद्वानाने १५२५ साली इटालियन भाषेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या पेत्रार्कला आदर्श ठरवलं. पेत्रार्क का मोठा, तर त्याच्या ओळींचा अर्थ त्यांच्या नादातही असतो. कुठले स्वर मोकळे, कुठली व्यंजनं आदळणारी, आघात कुठे पडतो, त्यातून एका ओळीला गांभीर्य येतं आणि दुसरीला गोडवा. बेम्बोने हे बारकाईने उलगडून दाखवलं. एकदा कवितेकडे असं पाहायची सवय लागल्यावर सगळ्या कडव्यांना एकच चाल लावणं अडाणीपणाचं वाटू लागलं असणार.

गंमत म्हणजे ही इटालियन कविता सुरांत बसवायचं काम सुरुवातीला मुख्यतः परक्यांनी केलं. पॉलिफनीचं कसलेलं शिक्षण तेव्हा उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्समधल्या चर्चच्या शाळांत मिळे, आणि तिथून तयार झालेले संगीतकार नोकरीसाठी इटलीत येत. फ्लॉरेन्समध्ये फिलिप व्हर्देलो, फ्लॉरेन्स आणि रोममध्ये जाक आर्कादेल्त. त्यांच्या जोडीला रोममधला इटालियन कोस्तान्त्सो फेस्ता. व्हर्देलोने माकियाव्हेलीच्या नाटकांसाठीही रचना केल्या. ‘प्रिन्स’वाला तोच माकियाव्हेली, त्याने विनोदी नाटकं लिहिली आणि त्यांच्या अंकांमध्ये मॅड्रिगल गायले गेले, हे अनेकांना ठाऊक नसतं. मुखपृष्ठावर ‘मॅड्रिगल’ असा शब्द असलेलं पहिलं पुस्तक १५३० साली रोममध्ये निघालं.

आर्कादेल्तच्या चार आवाजांच्या पहिल्या संग्रहाने तर कमाल केली. १५३०च्या दशकाच्या शेवटी तो आला आणि १६५४ पर्यंत त्याच्या पन्नासहून जास्त आवृत्त्या निघाल्या. एका संगीताच्या पुस्तकाची शंभरावर वर्षं मागणी टिकावी हे त्या काळात अचाटच. त्यातली सर्वांत गाजलेली रचना एका राजहंसावर आहे. ती जरा जवळून पाहू, कारण पुढे जे होणार त्याची सगळी बीजं तिच्यात आहेत.

कविता अशी: शुभ्र, गोड राजहंस गात गात मरतो, मी मात्र रडत रडत आयुष्याच्या शेवटाला पोचतो. केवढी उलटी तऱ्हा, की तो मरतो दुःखी आणि मी मरतो सुखात. मरताना दुसरं दुःख नसेल, तर दिवसातून हजार वेळा मरायला माझी तयारी आहे. हे मरण कुठलं, ते त्या काळच्या श्रोत्याला सांगावं लागत नसे. प्रेमकवितेत ‘मरणं’ म्हणजे शय्येवरचा सुखाचा परमोच्च क्षण. रचना वरवर दुःखी आणि आतून खट्याळ आहे.

आर्कादेल्तने काय केलं? बहुतेक वेळ चारही आवाज एकत्र, एकाच लयीत शब्द म्हणतात, त्यामुळे प्रत्येक अक्षर कळतं. ‘रडत रडत’ या शब्दावर तो अचानक असा कोमल सूर आणतो जो तोवरच्या स्वरसंचात नव्हता, आणि चारही आवाज त्या सुराभोवती उभे राहतात. क्षणभर उजेड मंदावतो. पुढच्याच शब्दांत सगळं पूर्ववत. शेवटी ‘दिवसातून हजार मरणं’ आल्यावर मात्र एकत्र चाललेले आवाज सुटे होतात. एकामागून एक येतात, तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात, आणि एक मरण संपायच्या आत दुसरं सुरू होतं. हजार आकडा त्याने गाऊन दाखवला नाही, गर्दी करून दाखवला. दोन-अडीच मिनिटांची रचना, आणि तिच्यात अलंकार म्हणावेत असे जेमतेम दोन. पुढच्या पिढीतल्या कितीतरी जणांना हा संयम जमला नाही.

आता हे गात कोण होतं आणि ऐकत कोण होतं, ते पाहू. माझ्या मते मॅड्रिगल समजण्याची किल्ली इथे आहे.

मॅड्रिगलचं ‘पुस्तक’ म्हणजे एक पुस्तक नव्हे. चार आवाजांसाठी चार वेगळ्या आडव्या वह्या छापल्या जात: कान्तो, आल्तो, तेनोरे, बास्सो, पाचवा आवाज असला तर त्याची क्विन्तो नावाची पाचवी. तुमच्या वहीत फक्त तुमचा आवाज. बाकीचे काय गाणार हे तुम्हाला दिसत नाही. मात्रांची विभागणी दाखवणाऱ्या उभ्या रेघाही नाहीत. सगळे आवाज एकाखाली एक मांडलेलं पान, म्हणजे आज ज्याला स्कोअर म्हणतात ते, गाणाऱ्यांच्या हाती सहसा नसे. त्यामुळे रचना कळण्याचा एकच मार्ग होता: चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, मोजत मोजत आपापली ओळ गायची, आणि कान इतरांकडे ठेवायचा. तुमचा कोमल सूर एकट्याने गाताना साधा वाटतो. शेजाऱ्याचा सूर त्याला घासून जातो तेव्हा कळतं की इथे ‘वेदना’ हा शब्द आहे.

व्हेनिसमधल्या गार्दानो आणि स्कोत्तो या छापखान्यांनी अशा वह्यांचा बाजार उभा केला. पेत्रुच्ची रेघा, सूर आणि अक्षरं वेगवेगळ्या दाबांत छापत असे. देखणं पण महाग काम. पॅरिसच्या आत्तेन्यां या मुद्रकाने १५२०च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीत रेघांच्या तुकड्यासकट सुराचा खिळा तयार असे आणि एका दाबात पान निघे. रेघा थोड्या तुटक दिसत, पण किंमत उतरली. मग दरबाराबाहेरचे लोकही गाऊ लागले. व्हेरोनात १५४३ साली संगीतप्रेमींनी अकादेमिया फिलार्मोनिका स्थापन केली आणि पुढे पगारी संगीतशिक्षक नेमला. आन्तोन फ्रान्चेस्को दोनीने १५४४ साली एक संवादरूप पुस्तक काढलं. त्यात मित्र जमतात, एक रचना गातात, तिच्यावर गप्पा मारतात, थट्टा करतात, की पुढची वही उघडतात. त्या रचनाही त्यातच छापल्या आहेत.

या खोलीत श्रोता नाही. फार तर शेजारी बसलेलं कोणी. पाच जण ‘मी एकटा आहे’ म्हणतात तेव्हा कोणी कोणाला काही भासवत नसतं. ते एक कविता पाच जणांनी मिळून वाचणं आहे, आणि वाचणारा प्रत्येक जण कवितेतला ‘मी’ स्वतःसाठी घेतो. म्हणून विसंगती जाणवत नाही. जे गात होते त्यांच्यासाठीच ते लिहिलेलं होतं.

बाईने स्वतःच्या नावावर अख्खं संगीताचं पुस्तक छापण्याची पहिली घटनाही याच प्रकारात घडली. १५६८ साली माद्दालेना काझुलाना हिचा चार आवाजांचा पहिला संग्रह व्हेनिसमध्ये निघाला. तो इझाबेला दे मेदिचीला अर्पण करताना तिने लिहिलं की बुद्धीची देणगी फक्त आपल्यालाच मिळाली आहे हा पुरुषांचा भ्रम मला जगाला दाखवून द्यायचा आहे. अर्पणपत्रिकेतली भाषा एरवी लोणी लावण्याची; तिची तशी नाही.

शतकाच्या मध्यावर केंद्र व्हेनिसकडे सरकलं. तिथल्या सान मार्को चर्चचा संगीतप्रमुख आद्रियान व्हिलार्त पेत्रार्कची अख्खी सुनीतं गंभीर, दाट पाच-सात आवाजांत बांधत होता. त्याचा शिष्य जोसेफ्फो झार्लीनो याने १५५८ साली संगीतशास्त्राचा जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात सरळ नियमच घातले: कठोर शब्दाला कठोर संगती, कोमलाला कोमल. पण या काळातला खरा धाडसी माणूस चिप्रियानो दे रोरे, तोही फ्लँडर्सचाच. ‘पूर्वेच्या सुंदर प्रदेशातून’ अशी सुरुवात असलेल्या त्याच्या मॅड्रिगलमध्ये पहाटे निरोप घेणारे प्रेमिक आहेत. मध्येच बाई स्वतः बोलते: ‘निघालास? हाय! एकटीला टाकून? येते आता...’ आतापर्यंत एकत्र वाहणारे आवाज इथे तुटतात, हुंदक्यासारखे विखुरतात, आणि ‘एकटीला टाकून’ हे शब्द सर्वांत वरचा आवाज एकट्याने म्हणतो. बाकीचे गप्प. ही रचना त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ साली छापली गेली. पाच जणांच्या मंडळीत एकीला एकटं सोडायची कल्पना इथे शिरली आहे, आणि ती परत जाणार नाही.

रोरेच्या मागून आलेल्यांत शब्दचित्रणाची साथच पसरली. ‘स्वर्ग’ आला की सूर वर, ‘नरक’ आला की खाली. ‘पळणं’ म्हटलं की भराभर तान. ‘उसासा’ म्हटलं की शब्दाच्या मध्ये श्वासाएवढी विश्रांती. काहींनी तर कानाला न कळणारे, फक्त डोळ्यांसाठीचे खेळ केले: ‘रात्र’ या शब्दावर वहीत काळे भरलेले सूर, ‘डोळे’ या शब्दावर शेजारी शेजारी दोन पांढरे गोल. हे गाणाऱ्यालाच दिसणार, ऐकणाऱ्याला नाही. मॅड्रिगल कोणासाठी होता याचा याहून चांगला पुरावा नको.

यावर सर्वांत कडक टीका केली ती व्हिन्चेन्त्सो गालिलेई याने, १५८१च्या आपल्या ग्रंथात. हा शास्त्रज्ञ गॅलिलिओचा बाप. ल्यूट या तंतुवाद्याचा वादक आणि स्वतः मॅड्रिगल लिहिलेला माणूस. त्याचं म्हणणं, हे चित्रणाचे चाळे हसू आणतात, भाव नाही. आणि मुळात एक आवाज वर चाललाय, दुसरा खाली, एक घाईत, दुसरा संथ, शब्द कोणाचे कुठे. अशाने मनावर परिणाम होणार कसा? प्राचीन ग्रीक एकाच सुरावटीत गात आणि लोकांना रडवत, असं त्याचं आणि फ्लॉरेन्समधल्या त्याच्या मित्रमंडळाचं मत होतं. ग्रीकांचं संगीत त्यांनी ऐकलेलं नव्हतं, पण मुद्दा बिनतोड होता. खोलीत श्रोता आला की पाच जणांचा ‘मी’ लंगडा पडतो.

आणि श्रोता येत होताच. फेरारा शहरात १५७९ साली ड्यूक आल्फोन्सो दुसरा याचं तिसरं लग्न झालं. नवी डचेस मार्गेरीता गोन्झागा जेमतेम पंधरा वर्षांची आणि गाण्याची शौकीन. तिच्या पदरी लाउरा पेव्हेरारा, आन्ना ग्वारीनी आणि लिव्हिया दार्को या बायका ठेवल्या गेल्या. कागदोपत्री दरबारी सख्या. खरं काम गाणं. रोज, ठरलेल्या मोजक्या पाहुण्यांसमोर, दार बंद करून. दरबारचा संगीतकार लुझ्झास्को लुझ्झास्की वाद्यावर साथ करी. बायका मिळून ताना, मुरक्या, सुरांवरचे चढउतार इतके एकजीव घेत की पाहुण्यांनी घरी पत्रं लिहिली आणि मान्तुआ, फ्लॉरेन्स इथल्या दरबारांनी आपापली बायकांची गायक मंडळं उभी केली. लुझ्झास्कीने केलेल्या रचना ड्यूकने छापू दिल्या नाहीत. १५९७ साली तो वारल्यावर, १६०१ मध्ये त्या बाहेर आल्या. एक, दोन किंवा तीन स्त्री-आवाज आणि कीबोर्डची साथ, आणि प्रत्येक तान सुरासुराने लिहून काढलेली.

हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. टेबलाभोवती बसून वाचण्याची गोष्ट आता गाणारे आणि ऐकणारे अशी दुभंगली. रचना हौशी माणसाला न झेपणारी झाली. वरचे दोन-तीन आवाज चमकू लागले आणि मधले मागे सरकले.

मारेन्झिओचं ते एकाकी सुनीत या वळणावरचं आहे, आणि म्हणून मला ते इतकं आवडतं. सर्वांत वरचा आवाज लांब, सारख्या सुरांवर अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत जातो: सा, कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग... हार्मोनियमची एकही पट्टी न वगळता, सप्तकाच्याही किंचित पलीकडे. मग तसाच उतरू लागतो. पावलं मोजणाऱ्या माणसाला ना चाल आहे ना राग, फक्त पुढचं पाऊल. खालचे चार आवाज दरम्यान आपापल्या वाटांनी फिरताहेत आणि त्याला जमीन देताहेत, पण ती जमीन पावलागणिक बदलते. पाच जणांत एक जण खरोखर एकटा दिसतो. मूळ विसंगती मारेन्झिओने मिटवली नाही. तिचाच त्याने उपयोग करून घेतला. त्याच वर्षी तो रोममध्ये वारला.

इथे कार्लो जेझुआल्दोचं नाव घ्यावंच लागतं. व्हेनोझाचा हा राजपुत्र. १५९० साली नेपल्समध्ये त्याने बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारलं, आणि तेव्हापासून त्याचं संगीत त्या खुनाच्या चष्म्यातून ऐकलं जातं. मला हे आळशीपणाचं वाटतं. १५९४ साली तो दुसऱ्या लग्नासाठी फेराराला आला, तेव्हा तिथे सप्तकाचे बारापेक्षा जास्त तुकडे करणारा निकोला व्हिचेन्तीनोचा कीबोर्ड होता, तो वाजवू शकणारा लुझ्झास्की होता, आणि अर्धस्वरांचे प्रयोग करणं हा दरबारी शौक होता. जेझुआल्दोने तो शौक शेवटपर्यंत नेला. १६११ साली छापलेल्या सहाव्या संग्रहातलं ‘मरतो मी, हाय’ ऐका: पहिल्या चार कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी उठणारे सुरांचे गुच्छ, एकमेकींच्या कोणी लागत नाहीत, जणू प्रत्येक वेळी पायाखालचा सा बदलतो. ‘जीवन’ शब्द येताच आवाज एकदम पळायला लागतात, आणि पुन्हा कोसळतात. विकत घेणाऱ्याची पर्वा नसलेल्या श्रीमंत माणसानेच असं लिहावं.

तिकडे इंग्लंडमध्ये हा प्रकार उशिरा पोचला आणि हसत पोचला. १५८८ साली निकोलस यंग याने इटालियन मॅड्रिगल इंग्रजी शब्द घालून छापले आणि पुढची तीसेक वर्षं तिथे घराघरांत हे गायलं गेलं. टॉमस मॉर्लीच्या १५९७च्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातच अशी आहे, की जेवणानंतर यजमानीणबाई वह्या वाटतात, एका पाहुण्याला गाता येत नाही, आणि बाकीचे त्याच्याकडे ‘हा वाढला कुठे?’ अशा नजरेने बघतात. पेत्रार्कचं ओझं इंग्रजांवर नव्हतं, त्यामुळे त्यांचे मॅड्रिगल बहुतेक ‘फा ला ला’ करत नाचतात. टॉमस वील्क्सने १६०१ साली एका रचनेत डायना देवीच्या सख्या डोंगर उतरताना दाखवल्या आहेत: ‘दोघी दोघी’ या शब्दांना दोन आवाज, ‘तिघी तिघी’ला तीन, ‘सगळ्या मिळून’ला सहाही, आणि ‘देवीला एकटं सोडून’ला एकच. गालिलेईने कपाळावर हात मारला असता. मला मात्र हे दर वेळी हसवतं.

उरला क्लाउदिओ मोन्तेव्हेर्दी, ज्याने हा प्रकार पूर्णत्वाला नेला आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवलं. १६०० साली बोलोन्याचा जोव्हान्नी मारिया आर्तुसी याने आधुनिक संगीताचे दोष दाखवणारं पुस्तक छापलं. त्यात नाव न घेता मोन्तेव्हेर्दीच्या, तेव्हा अजून न छापलेल्या रचनांमधले तुकडे उद्धृत केले होते. त्यातला एक ‘निष्ठुर आमारिल्ली’ या मॅड्रिगलमधला. बासने, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाने, एक सूर धरला आहे. त्याला सा म्हणू. ‘हाय रे’ या शब्दांवर सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरचा आवाज गाणारी, थोड्या विश्रांतीनंतर थेट रे वर येते, आणि तिथून सा कडे उतरण्याऐवजी कोमल नी वर उडी मारते. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला यात वावगं काही वाटणार नाही. पण पॉलिफनीच्या कायद्यात असा घासणारा सूर आधी जुळता असताना धरून ठेवावा लागे, आणि मग शेजारच्या सुरावर हळूच सोडावा लागे. इथे तो न सांगता घरात शिरला आणि उडी मारून निघून गेला.

आर्तुसी मूर्ख नव्हता. नियम त्याने बरोबर सांगितले. पण त्याने उद्धृत केलेल्या तुकड्यांखाली शब्दच छापले नाहीत. ‘हाय रे’ काढून टाकलं की तो सूर चूकच दिसतो. मोन्तेव्हेर्दीने १६०५च्या पाचव्या संग्रहात थोडक्यात आणि त्याच्या भावाने १६०७ साली सविस्तर उत्तर दिलं: आमच्या पद्धतीत शब्द मालकीण आहेत, सुरांची संगती त्यांची चाकर, आणि ही वाट रोरेने सुरू केली.

पाचव्या संग्रहातच शेवटच्या सहा रचनांना वाद्याच्या सलग साथीची सक्ती आली, आणि इथे जुनी इमारत हलली. खालची जमीन वाद्य देतंय म्हटल्यावर पाच गळ्यांनी ती विणत बसायची गरज उरली नाही. तोवर फ्लॉरेन्समध्ये काच्चीनीने १६०२ साली एकच गळा आणि साथ असे मॅड्रिगल छापले होते, ऑपेरा सुरू झाला होता, आणि १६०७ साली मोन्तेव्हेर्दीचा स्वतःचा ‘ऑर्फेओ’ रंगमंचावर आला. आता ‘मी’ म्हणायला एक माणूस उभा राहू शकत होता, चेहऱ्यासकट. मोन्तेव्हेर्दीने एकदा उलटा प्रवासही करून पाहिला: १६०८च्या ऑपेरातला आरियान्नाचा एकटीचा विलाप त्याने पाच आवाजांत बांधून सहाव्या संग्रहात, १६१४ साली छापला. शोक कमी झाला नाही, पण तो आता कोणा एकीचा राहिला नाही.

१६३८च्या आठव्या संग्रहातल्या ‘अप्सरेचा विलाप’मध्ये तर हा सगळा झगडा रचनेतच मांडलेला आहे. तीन पुरुष आधी सांगतात की एक मुलगी पहाटे घराबाहेर पडली, प्रियकराने सोडलेली. मग ती स्वतः गाते. खाली बास फक्त चार सूर उतरतो, सा, कोमल नी, कोमल ध, प, आणि तेच तीसहून जास्त वेळा. ती त्या चौकटीला जुमानत नाही. ओळी चुकीच्या जागी सुरू करते, उशिरा संपवते. पुरुष अधूनमधून ‘बिचारी’ म्हणतात. छापील पुस्तकात मोन्तेव्हेर्दीची सूचना आहे: पुरुषांनी हाताच्या ठेक्यावर गावं, तिने मात्र मनाच्या भावाच्या लयीत. जुन्या मॅड्रिगलमध्ये हे सगळे जण टेबलाभोवती असते आणि ‘मी’ सगळ्यांचा असता. इथे ‘मी’ एकीचा आहे आणि बाकीचे बघे आहेत. तरीही पुस्तकावर नाव मॅड्रिगल असंच.

ऐकायला सुरुवात करायची तर आर्कादेल्तचा राजहंस, रोरेचा पहाटेचा निरोप, मारेन्झिओचं सुनीत, ‘निष्ठुर आमारिल्ली’ आणि मग हा विलाप, याच क्रमाने ऐका. शब्द आणि त्यांचा अर्थ समोर ठेवा. तो न ठेवता ऐकणं म्हणजे आर्तुसीसारखं ऐकणं. चाळीस जणांच्या कॉयरचं रेकॉर्डिंग असेल तर बाजूला सारा आणि आवाजाला एकच गळा असलेलं शोधा. आणि ओळखीत नोटेशन वाचणारे चार जण असतील, तर राजहंसाच्या चारही ओळी इंटरनेटवर फुकट मिळतात. त्या गायला फारशा अवघड नाहीत.